मंगळवारी दुपारी तू काय करत असशील? शिकत असतानाच करिअर कसं निवडायचं

माझा मावसभाऊ सेकंड इयरला आहे. मागच्या महिन्यात रात्री पावणेदोनला त्याचा मेसेज, "ताई जागी आहेस का, मला आयुष्यात काहीतरी मीनिंगफुल करायचंय पण काय ते कळतच नाहीये." पावणेदोनच्या मेसेजला खरं उत्तर "झोप आता" हेच असतं आणि मी तेच दिलं, पण नंतर आठवडाभर तुकड्यातुकड्यात त्याला जे सांगत गेले ते बऱ्यापैकी लांबलं, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय. त्याच्यासारखे अजून बरेच जण रात्री पावणेदोनला छताकडे बघत पडलेले असणार.

आधी एक साधा हिशोब. आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे, असं ४० वर्षं काम केलं तर ८०,००० तास होतात. ऑक्सफर्डला २०११ मध्ये याच विषयावर काम करणारी एक संस्था सुरू झाली, तिने नावच '८०,००० अवर्स' ठेवलंय. आता याचा फक्त एक टक्का काढ, ८०० तास. एवढे तास नक्की काय करायचं हे ठरवण्यात घालवले तरी ते अजिबात जास्त नाहीत. आपण प्रत्यक्षात किती घालवतो? नवीन फोन घेताना जेवढे रिव्ह्यू बघतो तेवढेही नाही. मित्र कुठे अप्लाय करतायत, कुठल्या कोर्सला 'स्कोप' आहे, झालं, ठरलं.

पण हे ८०० तास पलंगावर पडून विचार करण्यात घालवायचे नाहीयेत, आणि माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. "तुझं पॅशन शोध" हा सल्ला ज्याने काढला त्याच्यावर माझा जरा रागच आहे, कारण तो ऐकून पोरं स्वतःच्या आत डोकावत बसतात आणि आत काही सापडलं नाही की आपल्यातच काहीतरी कमी आहे असं धरून चालतात. अरे, जे काम कधी केलंच नाही त्याचं पॅशन आत कुठून असणार? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे आपल्याला पाठ आहे, फक्त करिअरच्या बाबतीत आपण काठावर बसून पोहण्यावरचे व्हिडिओ बघत असतो.

'मीनिंगफुल' म्हणजे नक्की काय

हा शब्द जरा फोडू या, नाहीतर तो फार त्रास देतो. १९९७ मध्ये एमी रेझनेस्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता, त्यात लोक आपल्या कामाकडे तीन प्रकारे बघताना दिसले: काहींसाठी ते फक्त पगाराचं साधन, काहींसाठी वर चढायची शिडी, आणि काहींसाठी ते कामच मुळात करण्यासारखं. गंमत म्हणजे त्यात ऑफिस असिस्टंट म्हणून काम करणाऱ्यांचा एक छोटा गट होता, आणि तो या तीन प्रकारांत जवळपास सारखाच वाटला गेला. सगळ्यांचं काम साधारण एकच, पण बघायची नजर तीन तऱ्हांची. म्हणजे अर्थ हा नुसत्या पदाच्या नावात भरून येत नाही.

मग येतो कुठून? १९७६ मध्ये हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी कामाच्या रचनेवर जे मांडलं ते मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतं. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एखादा पूर्ण तुकडा तुझ्या हातात असतो का, त्याचा दुसऱ्या कुणाला फरक पडतो का, कसं करायचं हे तू ठरवू शकतोस का, आणि आपण बरं करतोय की वाईट हे कामातूनच कळतं का. हे पाच प्रश्न कुठल्याही नोकरीला लावून बघ. नाव एकदम भारी असलेली कामं यात धडाधड नापास होतात. मोठ्या समाजकार्याच्या संस्थेत बसून दिवसभर फक्त दुसऱ्याने लिहिलेल्या रिपोर्टची मार्जिन्स नीट करणारी माणसं मी बघितलीयेत, उद्देश एक नंबर, पण संध्याकाळी चेहरे पडलेले.

मंगळवारचा प्रश्न

लोकांशी बोल, हे सगळेच सांगतात. काय बोलायचं हे कुणी सांगत नाही. "तुमच्या फील्डबद्दल सांगा ना" असं विचारलंस की समोरचा भाषण देतो, चॅलेंजिंग आहे, खूप शिकायला मिळतं, वगैरे. त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी असं विचार: "गेल्या मंगळवारी दुपारी दोन ते पाच तुम्ही नक्की काय करत होतात?"

सोमवार नको, कारण सोमवारी मीटिंगा असतात, शुक्रवारी अर्धं मन बाहेर असतं. मंगळवार म्हणजे कामाचा खरा, मेकअप न केलेला चेहरा. मी हा प्रश्न एका वकील मॅडमना विचारला तेव्हा त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "एका करारातली व्याख्या बदलली होती, ती पुढच्या साठ पानांत कुठे कुठे लागू होते ते बघत होते." आता हे ऐकून तुझे डोळे चमकले तर कायदा तुझ्यासाठी आहे, आणि जांभई आली तर कोर्टातल्या खणखणीत युक्तिवादाच्या स्वप्नाचा काही उपयोग नाही, कारण ते तास फार थोडे असतात आणि साठ पानं रोज असतात.

अजून दोन प्रश्न कामाचे. "तुमच्याबरोबर सुरू केलेले कोण हे सोडून गेले, आणि का?" आणि "मी उद्यापासून सुरू केलं तर पहिलं वर्ष कशात जाईल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक फार प्रामाणिकपणे देतात, बहुतेक स्वतःबद्दल बोलायचं नसतं म्हणून.

कुणाला विचारायचं? जवळच्या मित्रांना विचारून फारसं हाती लागत नाही, कारण त्यांना जे माहितीय तेच तुला माहितीय. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये हे दाखवलं होतं: ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा, तर 'वारंवार' म्हणणारे साधारण १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळालेली. म्हणजे दोन वर्षं सीनियर असलेली ती मुलगी, जिच्याशी तू आयुष्यात दोनदाच बोललायस, ती तुझ्या रूममेटपेक्षा जास्त कामाची.

मेसेज लहान ठेव. माझ्या भावाने पहिला ड्राफ्ट पाठवला त्यात स्वतःची सगळी जीवनगाथा होती, मी तो कापून एवढाच ठेवला: "नमस्कार, मी सेकंड इयरला अमुक विषय शिकतोय. तुम्ही जे काम करता त्याचा एक साधा दिवस कसा असतो हे समजून घ्यायचंय. पंधरा मिनिटं फोनवर वेळ देऊ शकाल का? नोकरी मागत नाहीये." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्याने समोरच्याचे खांदे सैल होतात. पाच जणांना पाठवलंस तर दोघं उत्तर देतील असं धरून चाल, आणि मनाला लावून घेऊ नकोस.

स्वस्तात करून बघणं

बोलण्याच्या पुढची पायरी म्हणजे हात घालून बघणं, आणि इथे चढत जायचं. आधी दोन तास: त्या कामातली एखादी खरीखुरी गोष्ट वाच, एखादं लेक्चर ऐक, एक छोटं काम घरी करून बघ. मग दोन दिवस: वीकेंडचा प्रोजेक्ट, कुणाच्या तरी मागे मागे फिरणं. मग दोन आठवडे, मग दोन महिन्यांची इंटर्नशिप. बहुतेक जण या सगळ्या पायऱ्या गाळून थेट दोन वर्षांच्या मास्टर्सला अॅडमिशन घेतात, आणि मग फी भरलीये म्हणून रेटत बसतात. दोन तासांत नापास होणाऱ्या गोष्टीवर दोन वर्षं कशाला?

माझंच सांगते. मी मायक्रोबायॉलॉजीची, आणि मला 'रिसर्च' करायचा होता. रिसर्च म्हणजे काय याची डोक्यात एक इमेज होती, पांढरा कोट, खिडकीतून येणारा उजेड, अचानक काहीतरी सुचणं. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एका लॅबमध्ये दोन महिने कामाला लागले. काम काय, तर नमुने पातळ करायचे, प्लेटवर पसरायचे, दुसऱ्या दिवशी त्यावर वाढलेल्या कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, मोजायच्या. प्लेट उलटी धरायची, मागून मार्करने एकेका कॉलनीवर ठिपका द्यायचा आणि मोजत जायचं. ३० ते ३०० च्या मधली प्लेटच धरायची, कमी असतील तर आकडा भरवशाचा नाही आणि जास्त असतील तर त्या एकमेकीत मिसळतात. पहिल्याच आठवड्यात मी प्लेटच्या तळाऐवजी झाकणावर नावं लिहिली, ट्रे सरकवताना झाकणं इकडची तिकडे झाली आणि आठवड्याचं काम कचऱ्यात. नाव नेहमी तळाला लिहायचं, झाकण फिरतं, हे सांगितलेलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एकदा एका प्लेटवर मी १८७ मोजल्या, सहज म्हणून परत मोजल्या तर २०३. तिथल्या मॅडम म्हणाल्या, सरासरी काढ आणि पुढे जा. मला पुढे जाववेना. मी त्याच दहा प्लेट्स आम्हा तिघांकडून मोजून घेतल्या, शीट केली, कोण जास्त मोजतं, कोण कमी, किती दाट प्लेटवर किती फरक पडतो, आणि ते करताना रात्रीचे दहा कधी वाजले कळलं नाही. लॅबचं काम मला अजिबात आवडत नव्हतं, पण त्या कामातून निघणाऱ्या आकड्यांनी मात्र मला झपाटलं होतं. आज मी रोगांच्या साथींच्या डेटावर काम करते, आणि त्याचं मूळ त्या १८७ आणि २०३ मध्ये आहे. घरी बसून विचार करून मी इथे कधीच पोचले नसते, कारण आकडेमोड मला आवडत नाही अशी माझी ठाम समजूत होती.

हे मला इतकं नक्की कसं माहीत? कारण जायच्या आधी मी एका वहीत अंदाज लिहून ठेवले होते. लॅबमधलं हाताचं काम: १० पैकी ८ आवडेल. एकटीने काम: ५. आकडेमोड: ३. परत आल्यावर खरे मार्क दिले: ३, ५, ९. ही ट्रिक जरूर कर, फुकट आहे आणि फार निर्दय आहे. नंतर आपलं मन "मला आधीपासूनच वाटत होतं" असं म्हणत सगळं सारवून टाकतं, वही सारवू देत नाही. आपल्याला पुढे काय आवडेल याचा अंदाज बांधण्यात माणूस एकंदरीतच कच्चा असतो. २०१३ मध्ये 'सायन्स' मासिकात एक अभ्यास आला होता, १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून जास्त लोकांवर, त्यात जवळजवळ प्रत्येक वयाच्या माणसाचं म्हणणं असंच की गेल्या दहा वर्षांत मी खूप बदललो पण पुढच्या दहात फार बदलणार नाही. म्हणून "आयुष्यभरासाठी" ठरवायच्या भानगडीत पडूच नको. पुढच्या दोन-तीन वर्षांपुरतं ठरव.

त्या ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्टचं विचारशील तर, शब्द मिळवायला ठीक आहेत, निर्णय घ्यायला नाहीत. माणसं कामात कशी निघतील हे आधी कशावरून ओळखता येतं यावरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी घेतला, त्यात कामाचा एक तुकडा प्रत्यक्ष करायला देणं हे वरच्या रांगेत होतं आणि आवडीनिवडींच्या चाचण्या खालच्या. त्यानंतर हे आकडे पुन्हा तपासले गेले आणि बरेच इकडचे तिकडे झालेत, पण करून बघणं अजूनही कामाचं ठरतं.

मी नसतो तर?

इथपर्यंत सगळं तुझ्याबद्दल झालं. पण 'मीनिंगफुल' म्हणताना मनात कुठेतरी दुसऱ्याचं भलं पण असतं ना. तिथे चार प्रश्न पुरतात: हा प्रॉब्लेम किती मोठा आहे, त्यावर आधीच किती लोक लागलेत, तो हलण्यासारखा आहे का, आणि मी नसतो तर तेच काम दुसऱ्या कुणी तितकंच बरं केलं असतं का. शेवटचा प्रश्न जरा टोचतो. ज्या सीटसाठी हजार हुशार पोरं रांगेत आहेत तिथे तू बसलास तर जगाच्या दृष्टीने फारसं काही बदलत नाही, मग ती सीट कितीही उदात्त असो. कंटाळवाण्या, नाव नसलेल्या कोपऱ्यात एक बरा माणूस गेला तर पुष्कळ बदलू शकतं.

ओआरएसचं उदाहरण घे ना. मुख्यतः मीठ, ग्लुकोज, पाणी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण सरळ तोंडावाटे द्यायला सुरुवात केली, बाटल्या आणि पिंप भरून, आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून. साधारण ३० टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. यात चमकदार मशीन नाही, फोटोजेनिक असं काही नाही. अर्थपूर्ण काम बऱ्याचदा असं दिसायला अगदीच साधं असतं, म्हणून ते तुझ्या 'ड्रीम जॉब'च्या लिस्टमध्ये येतच नाही.

आणि नॉर्मन बोरलॉग. गव्हाच्या जातींवरच्या कामासाठी १९७० चं शांततेचं नोबेल मिळालं तो. तो मुळात शिकला वनशास्त्र. पदवी झाल्यावर वनखात्यातली ठरलेली नोकरी बजेट कपातीमुळे गेली, आणि त्याच सुमारास त्याने एल्विन स्टॅकमन यांचं पिकांवरच्या तांबेरा रोगाबद्दलचं एक व्याख्यान ऐकलं, आणि वळला वनस्पतिरोगशास्त्राकडे. त्यानंतरही एकदम सरळ रस्ता नाही, मध्ये केमिकल कंपनीत नोकरी केली आणि १९४४ मध्ये मेक्सिकोला गेला. ही गोष्ट मी "बघ, नशीब" म्हणून सांगत नाहीये. आपल्या विषयाबाहेरच्या व्याख्यानाला तो जाऊन बसला होता, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं. युनिव्हर्सिटीत हे फुकट असतं. महिन्यातून एकदा दुसऱ्या डिपार्टमेंटच्या सेमिनारला मागच्या बाकावर जाऊन बस, अर्धं कळणार नाही, काही बिघडत नाही, फक्त शेवटची प्रश्नोत्तरं ऐक, तिथे कळतं की या लोकांना झोप कशामुळे येत नाही.

पैसे, घरचे, आणि ती 'ऑप्शन ओपन' वाली सवय

पैशाबद्दल थोडक्यात. आधी पोटोबा मग विठोबा, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कर्ज असेल, घरी कुणी अवलंबून असेल तर पहिली दोन-तीन वर्षं पगार बघून नोकरी घेणं हा पळपुटेपणा नाही, फक्त तिथून काय शिकून निघायचं आणि साधारण कधी निघायचं हे आधीच लिहून ठेव, नाहीतर खर्च पगाराच्या मापाने वाढतो आणि मग निघणं होत नाही. कमाई थांबली तर किती महिने निभेल, हा एक आकडा तुला कायम माहीत असला पाहिजे.

घरच्यांशी बोलताना "मला हे आवडत नाही" याने सुरुवात करू नको, ते त्यांना मूड वाटतो. "मी हे दोन महिने करून बघितलं, हे जमलं, हे नाही जमलं, पुढचे सहा महिने हे करून बघणार आहे, नाही झालं तर हा प्लॅन आहे" असं म्हटलंस की तेच लोक प्रश्न विचारायला लागतात. नेहमी जमेलच असं नाही. माझ्याकडे तीन वेळा बोलावं लागलं.

आता ती सवय. "कुठलाही दरवाजा बंद व्हायला नको" म्हणून जो तो जास्तीत जास्त पर्याय गोळा करत बसतो, एक सर्टिफिकेट इकडचं, एक तिकडचं. पहिल्या दोन वर्षांत ते चालतं, उलट बरंच आहे, आणि काही गोष्टी अशा आहेत की त्या कुठेही गेलास तरी वाया जात नाहीत: स्पष्ट लिहिता येणं, आकडे वाचता येणं, थोडं कोडिंग, अनोळखी माणसाशी नीट बोलता येणं. पण एखादं काम खरोखर चांगलं यायला लागल्यावर त्यात जी मजा येते ती बारा गोष्टी थोड्या थोड्या करून येत नाही. आवड पुष्कळदा हातखंड्याच्या मागून येते. सुरुवातीला मला आकडेवारीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तेव्हा ते काम मला "माझं" वगैरे बिलकूल वाटत नव्हतं. ते वाटायला दीड वर्ष गेलं.

मग आता करायचं काय

प्रत्येक सेमिस्टरला एक कागद. वर तीन कामं लिही जी तुला या घडीला बरी वाटतात, तीनच. प्रत्येकापुढे तुझी सगळ्यात मोठी शंका लिही, म्हणजे "मला शिक्षक व्हायला आवडेल का" असलं ढगात नको, "एकच धडा चौथ्यांदा शिकवताना मी वैतागेन का" असं काहीतरी. मग ती शंका फिटेल अशी सगळ्यात स्वस्त गोष्ट कुठली ते शोध, ज्युनियर्सना तोच धडा चार वेळा शिकवून बघ, झालं. अंदाजाचे मार्क आधी, खरे मार्क नंतर. सेमिस्टर संपलं की तिघांतलं एक काढून टाक आणि वाटलं तर नवीन घे. काढून टाकणं हे पण कामच आहे, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

कागदाच्या मागे दोन ओळी: हे जमलं नाही तर लगेच काय करणार, आणि सगळंच फसलं तर काही महिने कशावर काढणार. दुसरी ओळ लिहिलेली असली की पहिल्या बाजूचं धाडस आपोआप वाढतं.

लास्ट इयरला असशील आणि यातलं काहीच केलं नसेल तर दोन महिन्यांच्या गोष्टी सोड, दोन तासांच्या आणि दोन दिवसांच्या भराभर कर, आणि पहिली नोकरी निवडताना कंपनीच्या नावापेक्षा तुझ्या रोजच्या डोक्यावरचा माणूस कोण असेल ते बघ. इंटरव्ह्यूमध्ये त्यालाच मंगळवारचं विचार. त्याला उत्तर देता आलं नाही तर ते पण उत्तरच आहे.

काल भावाचा मेसेज आला, यावेळी दिवसाढवळ्या. "ताई, त्या पाच जणांना पाठवलं. तिघांनी सीन करून सोडलं. एक म्हणाले पुढच्या महिन्यात बोलू. एक मॅडम आत्ताच बोलल्या, मंगळवारी त्या तीन तास फक्त एका मशीनचा आवाज का येतोय ते शोधत होत्या म्हणे." मी विचारलं, मग, जांभई आली का? तर म्हणतो, "नाही ना, मला तो आवाज कशाचा होता ते ऐकायचं होतं आणि तेवढ्यात पंधरा मिनिटं संपली."

मी म्हटलं, मग परत फोन लाव की.